टॉसलिंक
टॉसलिंक : होम थिएटरमधील उपकरणांदरम्यान ध्वनीचे अंकीय संकेत प्रकाशाच्या रूपात वाहून नेणारी जोडणी. जपानच्या तोशिबा कंपनीने ती १९८३ मध्ये आपले सीडी प्लेअर रिसीव्हरला जोडण्यासाठी आणली. संकेतांची मांडणी सोनी व फिलिप्स यांच्या एस/पीडीआयएफ पद्धतीची असते. तोच संकेत ७५ ओहमच्या कोॲक्सियल केबलमधूनही पाठवता येतो.

केबलच्या आत साधारण १ मिमी. व्यासाचा प्लॅस्टिकचा तंतू असतो. उपकरण चालू ठेवून केबलचे मोकळे टोक तळहातासमोर धरले, की लाल ठिपका उमटतो. तो आतल्या एलईडीचा प्रकाश. दोन उपकरणांत तांब्याचा दुवाच नसल्यामुळे अर्थिंगच्या फरकातून स्पीकरमध्ये उठणारी घुरघुर या वाटेने येत नाही. हा तिचा सर्वांत मोलाचा गुण होय. मात्र केबल फार वाकली किंवा टोकावर धूळ बसली, तर आवाज तुटतो.

तिची खरी अडचण क्षमतेची आहे. असंपीडित ध्वनीच्या दोनच वाहिन्या तिच्यात मावतात, ५.१ ध्वनी डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये संपीडित करूनच न्यावा लागतो. ब्लू-रे डिस्कवरील डॉल्बी ट्रूएचडी तिच्यातून जाऊ शकत नाही. त्यासाठी एचडीएमआय ही जोडणी लागते. एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीत (२००९) आलेल्या एआरसी सोयीने टीव्हीचा आवाज त्याच केबलमधून रिसीव्हरकडे परत येऊ लागला, २.१ आवृत्तीतील (२०१७) ईएआरसीने असंपीडित बहुवाहिनी ध्वनीचीही सोय झाली. एआरसी नसलेल्या जुन्या टीव्हीला साउंडबार जोडायचा असल्यास टॉसलिंक आजही उत्तम पर्याय आहे.