ग्राहकाचा हेलपाटा कसा वाचेल? जळगाव-धुळ्यातील छोट्या सेवा व्यवसायांसाठी ऑनलाइन साधने

रावेरहून जळगावला किंवा साक्रीहून धुळ्याला कामासाठी आलेल्या माणसाला दुकान बंद दिसले, तर एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी दोन्ही जातात. जळगाव जिल्ह्यात १५ तालुके आहेत, तर धुळे जिल्ह्यात ४. कूलर आणि पाण्याच्या मोटारीची दुरुस्ती, शिलाई, दवाखाना, फोटो स्टुडिओ अशा कामांसाठी तालुक्यांतून लोक शहरात येतात. निघण्याआधी त्यांना तीन गोष्टी कळायला हव्यात: दुकान उघडे आहे का, नंबर कधी लागेल आणि काम झाले का. त्यासाठी वेगळे अ‍ॅप बनवावे लागत नाही. मोफत साधने पुरेशी आहेत.

दुकान उघडे आहे का?

गुगलवर व्यवसायाची नोंद मोफत करता येते. पडताळणी झाली की नाव, फोन, वेळ आणि ठिकाण सर्च व मॅप्सवर दिसते. सणासुदीच्या सुट्टीची वेगळी वेळही टाकता येते. ती वेळेवर बदलली नाही, तर मात्र नोंद असून नसल्यासारखीच.

पत्ता नेमका हवा. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या मोठ्या संकुलात मॅप इमारतीपर्यंत पोहोचवतो, गाळ्यापर्यंत नाही. त्यामुळे मजला आणि गाळा क्रमांक लिहावा. धुळ्यातील जुन्या भागात गल्ल्या क्रमांकाने ओळखल्या जातात, तिथे गल्ली क्रमांक हवाच.

नंबर कधी लागेल?

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे अ‍ॅप २०१८ मध्ये आले. त्यात दुकान बंद असताना आपोआप जाणारा निरोप, नेहमीच्या प्रश्नांची तयार उत्तरे आणि दरांसह सेवांची यादी ठेवता येते. "तपासणीचे किती घेता?" याचे उत्तर ग्राहकाला घरबसल्या मिळते.

वेळ ठरवण्यासाठी अनेक जण गुगल फॉर्म वापरतात. पण एकच वेळ दोघांनी निवडली, तर साधा फॉर्म स्वतःहून अडवत नाही. गुगल कॅलेंडरच्या अपॉइंटमेंट पानावर भरलेली वेळ पुढच्याला दिसत नाही. दवाखाना किंवा सलूनसाठी ते सोयीचे.

काम झाले का?

'आपले सरकार' पोर्टलवर अर्ज केला की क्रमांक मिळतो आणि त्यावरून अर्ज कुठवर आला ते पाहता येते. दुरुस्तीच्या दुकानालाही ही पद्धत जमते. वस्तू घेताना पावतीवर क्रमांक लिहायचा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्या ग्राहकाला लेबल लावायचे: 'तपासणी बाकी', 'पार्ट मागवला', 'तयार'. लेबल फक्त दुकानदाराला दिसते, म्हणून काम पुढे सरकले की निरोपही पाठवायचा. खर्च वाढणार असेल, तर आधी विचारून होकार घ्यायचा. यामुळे पैसे देताना होणारी कुरबूर टळते.

सगळ्या ग्राहकांचा एक ग्रुप करणे मात्र टाळावे. त्यात प्रत्येकाचा नंबर इतरांना दिसतो.

पैसे देताना काय पाहावे?

यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले. साध्या फोनसाठीची '१२३पे' सोय २०२२ मध्ये आली. दोन नियम कायम लक्षात ठेवावेत. पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. आणि ग्राहकाने दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे जमा झाल्याचा पुरावा नाही, दुकानदाराने खात्यात पाहूनच खात्री करावी. फसवणूक झाल्यास १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवावे.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांचे काय?

फोन आणि कागदी पावती बंद करून चालणार नाही. घरातील मुलगा किंवा शेजारी यांचा नंबर, त्यांच्या परवानगीने, पावतीवर लिहून ठेवता येतो. ज्यांना लिहिलेला निरोप वाचायला जड जातो, त्यांना अहिराणीतला आवाजी निरोप जास्त कामाचा.

सुरुवात कुठून करावी?

सगळे एकदम नको. पहिल्या आठवड्यात गुगलवरील वेळ आणि पत्ता नीट करावा, दुसऱ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर दर टाकावेत, तिसऱ्यात पावती क्रमांक सुरू करावा. निरोपांना रोज कोण आणि किती वाजता उत्तर देणार, हे मात्र पहिल्याच दिवशी ठरवावे. उत्तर न देणारा नंबर ग्राहकासाठी बंद दुकानासारखाच असतो.