एचआयव्ही संशोधनातील सामायिक चिकित्सा-साहाय्य सेवा

मानवी प्रतिरक्षा-न्यूनताजनक विषाणू (एचआयव्ही) व त्यापासून उद्‌भवणारा एड्स ह्यांवरील निरनिराळ्या अभ्यासांना समान रीतीने लागणाऱ्या रुग्णसेवा व प्रयोगशाळा-सेवा एकत्रितपणे पुरविण्याची व्यवस्था. तीत समुपदेशन, रुग्णतपासणी, रक्तनमुन्यांचे संकलन व शीतसंचय, औषधभांडार, माहितीची नोंद आणि नीतिविषयक देखरेख ह्यांचा अंतर्भाव होतो. ही यंत्रणा प्रत्येक अभ्यासासाठी स्वतंत्रपणे उभारणे खर्चाचे असते. शिवाय पद्धती भिन्न राहिल्यास निष्कर्षांची तुलना करणे कठीण जाते.

महाराष्ट्रात समाजाच्या सहभागावर आधारलेल्या आरोग्यप्रयोगांची परंपरा एड्सपूर्व काळातील आहे. रायगड किनाऱ्यावरील मांडवा परिसरात १९७० नंतरच्या दशकात डॉ. एन. एच. अंतिया ह्यांच्या पुढाकाराने स्थानिक स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिक्षण देण्यात आले. त्या प्रयोगाचा एचआयव्हीशी संबंध नव्हता. तथापि परिचित व विश्वासू व्यक्तीवाचून आरोग्यसेवा लोकांपर्यंत पोहोचत नाही, हे त्यामागील तत्त्व पुढील काळातही महत्त्वाचे ठरले.

भारतात एचआयव्ही संसर्ग प्रथम १९८६ मध्ये चेन्नई (तत्कालीन मद्रास) येथे आढळला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९९२ मध्ये पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन केली. तिचे नाव पुढे राष्ट्रीय ट्रान्सलेशनल विषाणुविज्ञान व एड्स संशोधन संस्था असे झाले. १९९३ पासून पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत तपासणी, समुपदेशन व प्रयोगशाळा ह्यांची सांगड घालून अभ्यास करण्यात आले. चिकित्सालयांत आलेल्या व वेश्याव्यवसायात नसलेल्या स्त्रियांपैकी १३·६ टक्के स्त्रियांना संसर्ग झाल्याचे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात दिसून आले. त्यांतील बहुतेकींचा पतीखेरीज अन्य कोणाशीही लैंगिक संबंध नव्हता. विशिष्ट गटांपुरताच हा रोग मर्यादित आहे, ही समजूत त्यामुळे ढासळली.

पुण्यातील बै. जी. वैद्यकीय महाविद्यालय व ससून रुग्णालय ह्यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने मातेकडून बालकाकडे होणाऱ्या संक्रमणाचा अभ्यास केला. अर्भकांना सहा आठवडे नेव्हिरापीन देण्याच्या पद्धतीची भारत, इथिओपिया व युगांडा ह्या देशांतील पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांच्या चाचणीत पुणे व चेन्नई येथील जोडपीही होती. बाधित जोडीदारास लवकर औषधे दिल्यास दुसऱ्यास होणारे संक्रमण सु. ९६ टक्क्यांनी घटते, असे तीत २०११ मध्ये आढळले.

अशा बहुकेंद्री चाचण्यांत सीडी-४ कोशिकांची गणना व रक्तातील विषाणूंचे प्रमाण सर्वत्र सारख्याच काटेकोरपणे मोजावे लागते. त्यासाठी अज्ञात नमुने प्रयोगशाळांकडे पाठवून त्यांच्या अचूकतेची पडताळणी करतात. शीतसंचयात खंड पडल्यास वर्षानुवर्षे जपलेले नमुने निरुपयोगी ठरतात. रुग्णाची ओळख उघड झाल्यास मात्र त्याचे घर, उपजीविका व प्रतिष्ठा धोक्यात येते. म्हणून नमुन्यांवर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक घालतात.

अभ्यास संपल्यावर सहभागींच्या उपचारांचे काय, हा ह्या व्यवस्थेपुढील मूलभूत प्रश्न होय. शासनाने २००४ मध्ये मोफत विषाणुरोधी उपचार सुरू केल्याने त्यास अंशतः उत्तर मिळाले. २०१७ पासून संसर्ग आढळताच, सीडी-४ गणनेची मर्यादा न ठेवता, उपचार देण्याचे धोरण अवलंबिण्यात आले. २०१७ चा एचआयव्ही व एड्सविषयक अधिनियम सप्टेंबर २०१८ मध्ये अंमलात येऊन संमती व गोपनीयता ह्यांना कायद्याचे संरक्षण लाभले. संशोधनासाठी उभारलेली प्रयोगशाळा व प्रशिक्षित कर्मचारीवर्ग सार्वजनिक रुग्णालयाच्या नित्य सेवेत कितपत सामावले जातात, ह्यावरच सामायिक सेवांचे खरे मूल्य अवलंबून असते.