तळेगावची दक्षिणा आणि येरवड्याचे विद्यापीठ

चाकणहून पश्चिमेला जाणारा रस्ता कारखान्यांच्या रांगांमधून तळेगाव दाभाडे येथे पोहोचतो. अठराव्या शतकाच्या प्रारंभी या गावी सेनापती खंडेराव दाभाडे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. पुण्यातील डेक्कन कॉलेज या संशोधनसंस्थेची आर्थिक मुळे या दक्षिणेपर्यंत जातात. महाराष्ट्रातील मूर्ती, लेणी आणि मंदिरे यांच्या शास्त्रीय अभ्यासात या संस्थेचा वाटा फार मोठा आहे.

1731 मध्ये डभईच्या लढाईत खंडेरावांचे पुत्र त्र्यंबकराव मारले गेले आणि दक्षिणेचा कारभार पेशवे पहिले बाजीराव यांनी पुण्याला नेला. पुढे पर्वतीच्या पायथ्याच्या रमणा नावाच्या आवारात देशभरातून ब्राह्मण येऊ लागले. खर्च लाखांच्या घरात गेला. शास्त्र्यांची परीक्षा होई. वेद, न्याय, व्याकरण यांत जो श्रेष्ठ ठरे, त्याला जास्त रक्कम मिळे. चित्रकार किंवा पाथरवट या परीक्षेला बसत नसत. पेशवाईच्या शेवटच्या काळात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने पुण्यात चित्रकलेची छोटी शाळा निघाली. तिथे शिकलेल्या गंगाराम तांबटाने वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. ती मॅलेटकडे गेली आणि आज त्यांतली बरीच अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. पुण्यात राहिल्या त्या पोथ्या. या फरकाचा परिणाम पुढे दीड शतक टिकला.

1818 मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टनने दक्षिणा बंद केली नाही. तिची रक्कम घटवून एक भाग विद्येकडे वळवला. त्यातून 6 ऑक्टोबर 1821 रोजी विश्रामबाग वाड्यात ‘हिंदू कॉलेज’ सुरू झाले. धर्मशास्त्र, ज्योतिष, वैद्यक, अलंकार असे तिथले विषय होते आणि अध्यापन ग्रंथांचेच होते. 1851 मध्ये ते इंग्रजी शाळेशी जोडले जाऊन ‘पूना कॉलेज’ झाले. 1864 मध्ये त्याला ‘डेक्कन कॉलेज’ हे नाव मिळाले आणि 1868 मध्ये ते येरवड्याच्या नव्या इमारतीत गेले. या इमारतीसाठी जमशेटजी जीजीभाई घराण्याने मोठी देणगी दिली होती. याच काळात ब्यूलर, कीलहॉर्न आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर या संस्कृतज्ञांनी सरकारसाठी हस्तलिखिते जमवली. हा संग्रह डेक्कन कॉलेजात राहिला. 1917 मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले आणि पुढच्या वर्षी सुमारे 20,000 पोथ्या तिकडे गेल्या.

1934 मध्ये सरकारने कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थी न्यायालयात गेले, आणि 17 ऑगस्ट 1939 रोजी ही संस्था पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनासाठी पुन्हा उघडली. कलेतिहासाच्या दृष्टीने खरा आरंभ इथून मानावा लागतो. लंडनहून डॉक्टरेट घेऊन आलेले हसमुख सांकळिया पुरातत्त्व विभागात रुजू झाले. साताऱ्याच्या पारसनीस संग्रहालयातील कागदपत्रे, चित्रे आणि नकाशे त्याच वर्षी इथे आले. अभ्यास पोथीपुरता न राहता वस्तूपर्यंत पोहोचला.

सांकळियांच्या परंपरेत मूर्तीचा अर्थ ती उत्खननात ज्या थरात सापडली त्याच्याशी जोडला जाई. शिरूर तालुक्यातील इनामगावचे उदाहरण बोलके आहे. 1968 पासून पंधरा वर्षे चाललेल्या उत्खननात एका घरात मातीची पेटी सापडली. तिच्यासोबत स्त्रीच्या दोन मूर्ती, एक डोके असलेली आणि एक डोके नसलेली, आणि एक बैल होता. डोके नसलेल्या मूर्तीच्या पोटाला व बैलाच्या पाठीला छिद्रे होती. काडी घातली की देवी बैलावर स्वार होते. काळ इ.स.पू. 1300च्या सुमाराचा. बाजारातून मिळालेली मूर्ती एवढे सांगू शकली नसती, कारण तिच्यासोबत घर आणि पेटी आली नसती.

वास्तूंच्या बाजूने म. श्री. माटे यांनी मराठा स्थापत्यावर, तर मधुकर ढवळीकरांनी पश्चिम भारतातील हीनयान लेण्यांवर लिहिले. गो. बं. देगलूरकरांनी मंदिरे आणि मूर्तिशास्त्र हा विषय मराठी वाचकांपर्यंत नेला. पॅरिसमध्ये याच प्रकारची संस्था वेगळ्या मार्गाने घडली: तिथे जाक दुसे या वस्त्रनिर्मात्याने जमवलेला कलाग्रंथांचा संग्रह विद्यापीठाला दिला आणि 2001 मध्ये राष्ट्रीय कलेतिहास संस्था उभी राहिली. पुण्यात कलेतिहासाला असे स्वतंत्र घर मिळाले नाही. तो पुरातत्त्वाच्या घरात वाढला, आणि त्यामुळे चित्रकलेपेक्षा शिल्प व स्थापत्य यांकडे त्याचा ओढा अधिक राहिला. 1990 मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तेव्हाही विभागाचे नाव ‘प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व’ असेच होते.