शिकवण्याचा परवाना

पीएच.डी.चा कोणताही प्रबंध उघडला की सुरुवातीची दोन पाने ठरलेली असतात. एकावर विद्यार्थ्याचे प्रतिज्ञापत्र, दुसऱ्यावर मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र. हे संशोधन माझ्या मार्गदर्शनाखाली झाले, असे दोन ओळींत लिहिलेले असते आणि खाली सही, पदनाम, शिक्का. वाचक ही पाने उलटून थेट पहिल्या प्रकरणाकडे जातो. मी मात्र गेली काही वर्षे या दुसऱ्या पानापाशी थांबतो आहे. सही करणाऱ्याला हा अधिकार कोणी दिला, आणि देताना त्याचे नेमके काय पाहिले, याचा इतिहास मराठीत फारसा कोणी सांगत नाही. तो रंजक आहे आणि थोडा खिन्न करणाराही आहे.

या प्रश्नाच्या मुळाशी जायचे तर बाराव्या शतकातल्या पॅरिसला जावे लागते. तिथे शिकवायचे असेल तर नोत्र दाम कॅथीड्रलच्या चान्सलरकडून परवाना घ्यावा लागे. त्याचे लॅटिन नाव 'लिसेन्शिया डोसेंडी', म्हणजे शब्दशः शिकवण्याचा परवाना. परवाना देणारा चर्चचा अधिकारी, घेणारा मास्तर. ११७९ साली तिसऱ्या लॅटरन परिषदेने फर्मावले की या परवान्यासाठी कोणी पैसे मागू नयेत आणि लायक माणसाला तो नाकारू नये. जे चाललेलेच नसते त्याला मनाई करावी लागत नाही. तेव्हा दक्षिणा घेऊन परवाने देणे चालू होते, हे या हुकमावरूनच कळते. पुढे १२३१ साली पोप नववा ग्रेगरी याने पॅरिसच्या चान्सलरवर बंधन घातले की लायक माणसालाच परवाना देईन, अशी त्याने शपथ घ्यावी. दोनच वर्षांनी, १२३३ मध्ये, त्याच पोपने तुलूझच्या नव्या विद्यापीठाला आणखी एक गोष्ट बहाल केली. तिथे परीक्षा देऊन मास्तर झालेल्याला दुसऱ्या कोणत्याही गावी पुन्हा परीक्षा न देता शिकवता येईल. जुनी विद्यापीठे असला परवाना मुकाट्याने मानत नसत, हा भाग वेगळा. पण तत्त्व म्हणून पाहिले तर ही मोठी गोष्ट होती. परवाना माणसाचा होता. तो जिथे जाईल तिथे त्याच्याबरोबर जाणार होता.

हे तत्त्व पुढे सर्वांत काटेकोरपणे जर्मनांनी राबवले. तिथे नुसती डॉक्टरेट मिळवून विद्यापीठात शिकवता येत नसे. आणखी एक प्रबंध लिहायचा, प्राध्यापकमंडळासमोर व्याख्यान द्यायचे, त्यांच्या प्रश्नांना तोंड द्यायचे. या सोपस्काराला 'हाबिलिटात्सिओन' म्हणतात. तो पार पडला की 'वेनिया लेगेंडी', म्हणजे व्याख्यान देण्याची अनुज्ञा मिळे आणि माणूस 'प्रिव्हाटडोत्सेंट' होई. नोकरी नाही, पगार नाही. वर्गात जे विद्यार्थी बसतील त्यांनी दिलेली फी हीच कमाई. ज्ञानाची परीक्षा एकीकडे आणि पगाराची जागा दुसरीकडे, अशी ही व्यवस्था होती. अर्थात बिनपगारी वर्षे काढण्याची ऐपत ज्याच्या घरी असे, त्यालाच ती परवडे.

या व्यवस्थेचे दोन कसोटीचे प्रसंग सांगण्याजोगे आहेत. पहिला बर्लिनचा. लिओ आरोन्स हा पदार्थविज्ञानाचा प्रिव्हाटडोत्सेंट समाजवादी पक्षाचा सभासद होता. सरकारला तो नको होता, पण त्याच्या प्राध्यापकमंडळाने त्याला काढायला नकार दिला. मग प्रशियाने १८९८ साली खास कायदा करून बिनपगारी शिक्षकही सरकारी शिस्तीखाली आणले आणि १९०० साली आरोन्सची अनुज्ञा काढून घेतली. त्याच्या विज्ञानाबद्दल तक्रार नव्हती.

दुसरा प्रसंग ग्यॉटिंगेनचा. या गावाशी पुण्याचे जुने नाते आहे. डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणारे फ्रांत्स कीलहॉर्न १८८१ साली पुणे सोडून गेले आणि ग्यॉटिंगेनला प्राध्यापक झाले. त्याच विद्यापीठाने १८८५ साली रा. गो. भांडारकरांना सन्मान्य पीएच.डी. दिली. भांडारकरांनी तिथे एकही सत्र काढले नव्हते. त्यांचे काम पाहून विद्यापीठाने आपण होऊन त्यांना मान दिला. त्यानंतर तीस वर्षांनी, १९१५ मध्ये, त्याच विद्यापीठात डाव्हिड हिल्बर्ट आणि फेलिक्स क्लाइन या गणितज्ञांनी एमी नोएथर या विदुषीला बोलावून घेतले. तिची डॉक्टरेट १९०७ची. त्यानंतर एर्लांगेनला तिने कित्येक वर्षे बिनपगारी काम केलेले होते. पण स्त्रियांना हाबिलिटात्सिओन करू देऊ नये, असा प्रशियाचा १९०८चा हुकूम होता. गणितज्ञांनी अपवाद मागितला, प्राध्यापकमंडळातल्या इतर विषयांच्या लोकांनी विरोध केला आणि मंत्रालयाने नाही म्हटले. मग तिची व्याख्याने हिल्बर्टच्या नावाने जाहीर होऊ लागली. खाली बारीक उल्लेख असे, साहाय्य डॉ. नोएथर. समरूपता आणि अक्षय्यतेचे नियम यांचा संबंध दाखवणारा, आज तिच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धान्त तिने १९१८ साली प्रसिद्ध केला, तेव्हा स्वतःच्या नावावर वर्ग घेण्याची तिला परवानगी नव्हती. ती मिळाली १९१९ साली, राजवट बदलल्यावर. आणि १९३३ साली पुन्हा गेली, कारण ती ज्यू होती. दिली तेव्हा आणि काढून घेतली तेव्हा, तिचे गणित तेच होते.

आता आपल्याकडे वळू. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, परीक्षा घेणारी संस्था म्हणून. शिकवण्याचे काम कॉलेजांचे. विद्यापीठ कॉलेजला संलग्नता देई, अभ्यासक्रम नेमी आणि परीक्षा घेई. १८६२ साली पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली, त्यात न्या. रानडे आणि भांडारकर होते. संशोधनाला मार्गदर्शक लागतो ही कल्पनाच या रचनेत नव्हती. भांडारकरांना कोणी मार्गदर्शक नव्हता. वि. का. राजवाडे कागदपत्रांच्या शोधात गावोगाव हिंडले, त्यांनाही नव्हता. १९०४च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतःचे अध्यापक नेमण्याची आणि संशोधनाची सोय करण्याची मुभा मिळाली, तेव्हा कुठे हा प्रश्न आला, की पदवीच्या पुढे शिकवणारा माणूस निवडायचा कसा?

सुरुवातीला त्याचे जे उत्तर दिले गेले, ते आज वाचताना गंमत वाटते. कलकत्त्यात आशुतोष मुखर्जींनी पदार्थविज्ञानाच्या पालित अध्यासनासाठी चंद्रशेखर वेंकट रामन यांना निवडले. रामन सरकारी हिशेब खात्यात अधिकारी होते. पीएच.डी. नव्हती. या जागेसाठी परदेशी प्रशिक्षणाची अट होती आणि रामन त्यासाठी परदेशी जायला तयार नव्हते. तरीही १९१७ साली जागा त्यांनाच मिळाली. मुंबईत १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग निघाला, त्याचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस. या स्कॉटिश गृहस्थांनी कोणत्याच विद्यापीठाची पदवी पुरी केलेली नव्हती. त्यांनी हेरून पुढे आणलेल्या तरुणांत गो. स. घुर्ये होते. घुर्ये इंग्लंडला गेले, केंब्रिजची पीएच.डी. घेऊन आले आणि १९२४ साली विभागाचे प्रमुख झाले. त्यांच्या हाताखाली इरावती कर्वे यांनी एम.ए.चा प्रबंध लिहिला, एम. एन. श्रीनिवास आणि अ. र. देसाई यांनी डॉक्टरेट केली. भारतीय समाजशास्त्राची ही वंशावळ मागे नेली तर एका बिनपदवीच्या माणसापाशी पोचते.

याहून जवळचे उदाहरण धर्मानंद कोसंबींचे. गोव्यातल्या सांखवाळचा हा मुलगा नीट शाळाही शिकला नव्हता. १८९९ साली घर सोडून तो पुणे, काशी, नेपाळ करत सिलोनला पोचला आणि तिथल्या भिक्षूंकडून पाली शिकला. पुढे हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना बोलावले ते 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी. तिथून परतल्यावर १९१२ ते १९१८ ते फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळण्यामागे त्यांची धडपड होती आणि भांडारकरांचा पाठिंबा होता. पु. वि. बापट यांच्यासारखा बौद्ध विद्येचा अभ्यासक त्यांच्या हाताखाली तयार झाला. धर्मानंदांजवळ दाखवायला कागद नव्हता. भांडारकरांना पाली येत होती, त्यामुळे समोरच्याला किती येते हे त्यांना कागदाशिवाय कळत होते.

आज ही माणसे अर्ज घेऊन आली तर काय होईल? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांप्रमाणे मार्गदर्शक होण्यासाठी माणूस उच्च शिक्षणसंस्थेत कायम नोकरीत हवा. त्याच्याकडे पीएच.डी. हवी. प्राध्यापक आणि सहयोगी प्राध्यापकाचे समीक्षित नियतकालिकांत किमान पाच शोधनिबंध हवेत, सहायक प्राध्यापकाचे तीन. प्राध्यापकाला एका वेळी आठ विद्यार्थी घेता येतात, सहयोगीला सहा, सहायकाला चार. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी नाही. निवृत्तीनंतर सहमार्गदर्शक म्हणून राहता येते, तेही सत्तरीपर्यंतच. या चाळणीतून गेडिस, रामन आणि कोसंबी पितापुत्र, कोणीच पार पडत नाही. धाकट्या कोसंबींकडे, दामोदर धर्मानंदांकडे, हार्वर्डची बी.ए. होती, डॉक्टरेट नव्हती.

पण एवढ्यावरून नियमांना हसणे सोपे आहे आणि ते अन्यायाचे होईल. भांडारकरांची नजर सगळ्यांना नसते. नजरेवर सोडलेली निवड जात पाहते, नातेगोते पाहते, पक्ष पाहते. आरोन्स आणि नोएथर यांच्या वेळी ती अशीच चुकली. तालुक्याच्या गावातून आलेल्या, ओळखपाळख नसलेल्या मुलीला 'पाच निबंध आणि एक पदवी' ही लेखी अट आधाराची असते. ती पुरी केली की तिला नाही म्हणणे अवघड जाते. आठ विद्यार्थ्यांची मर्यादाही विद्यार्थ्याच्या हिताचीच आहे. खोगीरभरती करणाऱ्या मार्गदर्शकाला तिने थोडा तरी आवर घातला.

खोट आहे ती मोजण्याच्या पद्धतीत. ज्ञान मोजता येत नाही म्हणून निबंध मोजायचे ठरले, आणि मग निबंध छापून देणारी दुकाने निघाली. २०१८ साली आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली. परवान्यासाठी पैसे घेऊ नका, असे ११७९ साली बजावावे लागले होते. आता पैसे परवाना देणारा घेत नाही, त्याच्या वाटेवरचा छापखानदार घेतो.

इथे थोडे स्वतःविषयी सांगतो, कारण विषयाशी त्याचा संबंध आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मोडी मी घरी शिकलो, जुन्या दप्तरांत बसून हात आणि डोळा तयार केला. गेल्या पंधरा वर्षांत इतिहासाचे पीएच.डी.चे विद्यार्थी माझ्याकडे येत आले आहेत. कागद वाचायचा कसा, तारखेतला अरबी सन इसवी सनात कसा बसवायचा, पत्रातला मायना कोणत्या नात्याचा, हे आम्ही बसून पाहतो. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात माझे नाव येते आणि त्याचा मला आनंदच आहे. पण त्यांतल्या एका विद्यार्थ्याने मला सहमार्गदर्शक करावे म्हणून आपल्या विद्यापीठात रीतसर विचारले, तेव्हा खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज हातातही घेतला नाही. "नियमात बसत नाही," एवढेच उत्तर. नियमांपुरते ते खरेही होते. सहमार्गदर्शक दुसऱ्या विभागातला किंवा दुसऱ्या संस्थेतला चालतो, कोणत्याच संस्थेत नसलेल्याची तिथे सोय नाही.

माझे म्हणणे परवाना नको असे नाही. नऊशे वर्षांच्या या इतिहासात ज्ञान, परवाना आणि पगार या तीन गोष्टी कधी एकत्र, कधी वेगळ्या राहिल्या आहेत. आपण त्या अशा बांधून टाकल्या आहेत की पगाराची जागा नसेल तर परवाना नाही, आणि परवाना नसेल तर ज्ञान धरायचे नाही. कॉलेजांतल्या कायम जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात, तासिका तत्त्वावर शिकवणारे पीएच.डी.धारक त्याच तत्त्वावर म्हातारे होतात. त्यांनाही ही गाठ काचते, माझ्यासारख्या बाहेरच्याला तर काचतेच. जर्मन पद्धतीतली एक गोष्ट उचलता येईल. जाणकारांपुढे उघड व्याख्यान आणि प्रश्नोत्तरे, आणि त्यातून उतरेल त्याला त्या विषयापुरती मान्यता, मग तो नोकरीत असो वा नसो.

जाणकारही चुकतील, हे ग्यॉटिंगेनने दाखवून ठेवले आहे. त्यावर उपाय २०२२च्याच नियमांत अर्धा लिहिलेला आहे. ज्या विषयात समीक्षित नियतकालिके नाहीत किंवा थोडीच आहेत, तिथे निबंधांची अट शिथिल करता येते, मात्र कारणे लेखी नोंदवून. या कलमाला एक ओळ जोडायला हवी. मान्यता नाकारतानाही कारण लेखी नोंदवावे. एमी नोएथरला कोणी, कशासाठी अडवले हे आज आपण सांगू शकतो, कारण प्राध्यापकमंडळाचे आणि मंत्रालयाचे कागद शिल्लक आहेत. आपल्याकडे नकार खिडकीवर तोंडी दिला जातो. शंभर वर्षांनी कोणी आपल्या विद्यापीठांचा इतिहास लिहायला बसला, तर मान्यता मिळालेल्यांच्या याद्या त्याला सापडतील. ज्यांना परत पाठवले त्यांच्याविषयी दप्तरात एक चिठ्ठीही नसेल.