गुलाबांचा वेढा

पॅरिस आणि लंडन येथील मोठ्या संग्रहालयांत चौदाव्या शतकातील काही वाटोळ्या हस्तिदंती चकत्या जतन केलेल्या आहेत. तळहातावर मावतील एवढ्या या चकत्या म्हणजे श्रीमंत घरांतील आरशांची झाकणे. आरसा आत असे. बाहेरच्या अंगावर कारागीर आपले कसब दाखवी. त्यावर कोरलेल्या प्रसंगांपैकी एक पुनःपुन्हा भेटतो, तो किल्ल्यावरील हल्ल्याचा. तटाच्या चर्यांआड स्त्रिया उभ्या आहेत. खाली घोड्यांवर चिलखती शिलेदार आहेत, कोणी तटाला शिडी लावून वर चढतो आहे. मात्र या लढाईत दोन्ही बाजूंचे शस्त्र एकच आहे, ते म्हणजे गुलाबाचे फूल. माथ्यावर पंख असलेला प्रेमदेव बाण सोडीत असतो. मदनाचे पुष्पबाण ज्यांच्या परिचयाचे आहेत, त्यांना हा देव फारसा परका वाटणार नाही.

हा हस्तिदंत आफ्रिकेतून येई आणि त्यावरील कामाचे मुख्य केंद्र पॅरिस होते. १२६८ च्या सुमारास एतिएन ब्वालो याने तेथील धंद्यांचे नियम लिहवून घेतले, त्यांत हस्तिदंतावर काम करणाऱ्यांचीही नोंद आहे. ज्या शहरात कुमारी मेरीच्या सोज्ज्वळ मूर्ती घडत, त्याच शहरात ही शृंगाराची झाकणेही घडत. त्या काळाला यात विसंगती वाटली नाही.

हा खेळ केवळ हस्तिदंतावरच राहिला असेही नाही. १२१४ मध्ये इटलीतील त्रेव्हीझो येथे एका उत्सवात खराच नकली किल्ला उभारला गेला. भिंती उंची वस्त्रांच्या व लोकरी कातड्यांच्या, आत स्त्रिया, आणि बाहेरून तरुणांचा फळाफुलांचा व सुगंधी द्रव्यांचा मारा. पण पादुआ आणि व्हेनिस येथील तरुणांत बाचाबाची झाली, निशाणाची फाडाफाड झाली आणि अखेर त्यातून दोन नगरांत खरे युद्ध पेटले. गुलाबांच्या आड अहंकार किती जवळ उभा होता, हे रोलांदिनो या इतिहासकाराने लिहून ठेवलेल्या या हकिकतीवरून कळते.

मग या किल्ल्याने स्त्रीचा सन्मान होतो का? वरवर पाहता होतो. किल्ला तिचा, दरवाजाही तिच्या स्वाधीन. परंतु खेळाचा नियमच असा की किल्ला पडलाच पाहिजे. स्त्रीचा नकार हा होकाराची पहिली पायरी मानूनच शिडी लावली जाते. तेराव्या शतकातील ‘गुलाबाची कथा’ या फ्रेंच महाकाव्याचा शेवटही किल्ला जिंकून गुलाब खुडण्यातच होतो.

याच काळच्या हस्तिदंती पेट्यांवर दुसरे एक चित्र दिसते. ॲरिस्टॉटल गुडघ्यांवर रांगतो आहे आणि त्याच्या पाठीवर एक तरुणी स्वार झाली आहे. अलेक्झांडरला स्त्रीमोहाबद्दल बोल लावणाऱ्या या तत्त्वज्ञाची तिने अशी खोड मोडली. पंचतंत्रात राणीला पाठीवर घेऊन खिंकाळणारा नंदराजा आहेच. कथेचे मूळ पूर्वेकडचे असावे, असे काही अभ्यासकांनी सुचविले आहे. तरुणीचा विजय पाहून हसू येते, पण त्या हसण्याला दुसरी धार आहे. स्त्री शहाण्याचाही पशू करते, हेच धर्मोपदेशक या गोष्टीवरून बजावीत. तटावरची स्त्री जिंकून घ्यायची आणि पाठीवरची स्त्री भिऊन टाळायची. दोन्हीकडे तिच्याविषयी ठरविणारा पुरुषच.

या कोंडीवर नेमके बोट ठेवले ते क्रिस्तीन द पिझाँ हिने. व्हेनिसमध्ये जन्मलेली, फ्रान्सच्या राजदरबारी वाढलेली ही स्त्री पंचविसाव्या वर्षी विधवा झाली. नवऱ्याच्या येण्यासाठी तिला वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या आणि लेखणीवर तिने घर चालविले. १३९९ मधील एका काव्यात तिने वेढ्याची उपमाच उलटवली. स्त्रिया इतक्या दुबळ्या आणि चंचल असतील, तर त्यांना जिंकण्यासाठी एवढ्या युक्त्या व एवढा खटाटोप कशाला? कच्च्या ठाण्यावर कोणी मोठी फौज नेत नाही. पुढे ‘गुलाबाची कथा’ या काव्यावरून तिने पॅरिसच्या विद्वानांशी उघड वाद घातला आणि १४०५ मध्ये ‘स्त्रियांचे नगर’ हा ग्रंथ लिहिला. त्यातील तटबंदी कर्तबगार स्त्रियांच्या चरित्रांची आहे.

तिच्या ग्रंथांची एक सचित्र प्रत १४१४ च्या सुमारास राणी इझाबोला अर्पण करण्यात आली; ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्या एका पानावर पुन्हा तट दिसतो. पण येथे शिडी नाही, शिलेदार नाहीत. क्रिस्तीन आणि विवेकदेवी मिळून चिऱ्यावर चिरा चढवीत आहेत, आणि भिंत अजून अर्धीच झाली आहे.