न्या. फातिमा बीवी : सर्वोच्च न्यायालयातील पहिले स्त्रीपाऊल

भारताचे सर्वोच्च न्यायालय २६ जानेवारी १९५० रोजी अस्तित्वात आले. त्यानंतर तब्बल ३९ वर्षे या न्यायालयाच्या न्यायासनावर एकही स्त्री बसली नाही. ही प्रदीर्घ प्रतीक्षा ६ ऑक्टोबर १९८९ रोजी संपली. केरळ उच्च न्यायालयातून पाच महिन्यांपूर्वीच निवृत्त झालेल्या न्या. एम. फातिमा बीवी यांनी त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदाची शपथ घेतली. देशाच्या उच्च न्यायव्यवस्थेत पोहोचलेल्या त्या पहिल्या मुस्लिम महिला होत्या. २३ नोव्हेंबर २०२३ रोजी कोल्लम येथे वयाच्या ९६व्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि भारतीय न्यायसंस्थेच्या इतिहासातील एक महत्त्वाचे पर्व संपले.

फातिमा बीवी यांचा जन्म ३० एप्रिल १९२७ रोजी तत्कालीन त्रावणकोर संस्थानातील पथनमथिट्टा येथे झाला. आठ भावंडांत त्या थोरल्या. वडील मीरा साहिब सरकारी नोकरीत होते. मुलींच्या शिक्षणाबाबत त्यांचा आग्रह त्या काळाच्या मानाने विलक्षण म्हणावा असाच होता. फातिमा यांनी तिरुवनंतपुरम येथून रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि त्याच विषयात पुढे शिकण्याचा त्यांचा मानस होता. वडिलांनी मात्र त्यांना कायद्याकडे वळवले. त्यामागे एक जवळचेच उदाहरण होते. त्रावणकोरमध्येच १९३७ साली अ‍ॅना चंडी यांची मुन्सिफ म्हणून नेमणूक झाली होती. पुढे १९५९ साली त्या केरळ उच्च न्यायालयाच्या, आणि पर्यायाने देशातील कोणत्याही उच्च न्यायालयाच्या, पहिल्या महिला न्यायमूर्ती झाल्या.

स्त्रियांनी वकिली करावी की नाही, हा वाद तेव्हा फारसा जुना झालेला नव्हता. नाशिक येथे जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डमध्ये कायद्याचे शिक्षण घेतले. पण न्यायालयात रीतसर उभे राहण्यासाठी त्यांना अनेक वर्षे ताटकळावे लागले. स्त्रियांना वकिलीस मज्जाव करणारी तरतूद १९२३च्या कायद्याने दूर झाली. त्यानंतर जेमतेम पाव शतकाने फातिमा बीवी तिरुवनंतपुरमच्या विधी महाविद्यालयात दाखल झाल्या. त्यांच्या वर्गात अवघ्या पाच मुली होत्या. दुसऱ्या वर्षी त्यांपैकी तीनच उरल्या. बार कौन्सिलच्या परीक्षेत मात्र फातिमा बीवी यांनी पहिला क्रमांक पटकावून सुवर्णपदक मिळवले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. १४ नोव्हेंबर १९५० रोजी त्यांनी वकिलीची सनद घेतली आणि कोल्लमच्या न्यायालयात कामास प्रारंभ केला. डोक्यावर पदर घेतलेली मुस्लिम तरुणी वकिलांच्या कक्षात वावरते, हे दृश्य अनेकांच्या पचनी पडणारे नव्हते. त्यांनी पदरही सोडला नाही आणि वकिलीही.

पायरीपायरीने वर

सर्वोच्च न्यायालयात पोहोचणारे बहुतेक न्यायमूर्ती वकिलीतील यशानंतर थेट उच्च न्यायालयात नेमले जातात. फातिमा बीवी यांची वाट वेगळी होती. १९५८ साली त्या मुन्सिफ झाल्या. म्हणजे न्यायव्यवस्थेच्या अगदी तळाच्या पायरीपासून त्यांची सुरुवात झाली. १९६८ साली दुय्यम न्यायाधीश, १९७२ साली मुख्य न्यायदंडाधिकारी आणि १९७४ साली जिल्हा व सत्र न्यायाधीश अशी त्यांची बढती होत गेली. १९८० साली त्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या न्यायिक सदस्य झाल्या. ४ ऑगस्ट १९८३ रोजी त्यांची केरळ उच्च न्यायालयावर नियुक्ती झाली. मुन्सिफ कोर्ट ते सर्वोच्च न्यायालय हा प्रवास ३१ वर्षांचा होता. या काळात त्यांनी जमिनीचे दावे, घरगुती तंटे, फौजदारी खटले आणि कराचे वाद असे सारे काही हाताळले. त्यामुळे त्यांची निवड केवळ प्रतीकात्मक होती, असे म्हणणे त्यांच्या कारकिर्दीवर अन्याय करणारे ठरेल.

सर्वोच्च न्यायालयात त्यांना अडीच वर्षांचाच काळ लाभला. २९ एप्रिल १९९२ रोजी त्या निवृत्त झाल्या. या अल्प काळातील एक निकाल आवर्जून सांगण्याजोगा आहे. कर्नाटक सरकारने झोपडपट्टी निर्मूलनासाठी काढलेली अधिसूचना नंतर मागे घेतली आणि त्यामुळे तेथील रहिवाशांच्या पदरी पडू पाहणारा लाभ धोक्यात आला. १९९१ सालच्या या प्रकरणात न्या. फातिमा बीवी यांनी लिहिलेल्या निकालाने एक तत्त्व स्पष्ट केले. एकदा अधिसूचनेने लोकांना हक्क मिळाला, की त्यांचे म्हणणे ऐकल्याखेरीज तो काढून घेता येणार नाही. नैसर्गिक न्यायाचे तत्त्व झोपडीत राहणाऱ्यालाही लागू आहे, हे त्यातून अधोरेखित झाले.

राजभवनातील वादळ

निवृत्तीनंतर १९९३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या त्या सदस्य झाल्या. जानेवारी १९९७मध्ये त्यांच्याकडे तामिळनाडूचे राज्यपालपद आले. मे २००१च्या विधानसभा निवडणुकीत अण्णा द्रमुक आघाडीला बहुमत मिळाले. भ्रष्टाचाराच्या प्रकरणात शिक्षा झाल्याने जयललिता यांचे उमेदवारी अर्ज फेटाळले गेले होते. तरीही राज्यपालांनी त्यांना मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली. या निर्णयावर देशभर टीकेची झोड उठली. जून २००१च्या अखेरीस माजी मुख्यमंत्री एम. करुणानिधी यांना मध्यरात्री अटक झाली. या प्रकरणातील राज्यपालांच्या भूमिकेवर नाराज झालेल्या केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यांना परत बोलावण्याची शिफारस केली आणि फातिमा बीवी यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने जयललिता यांची नियुक्ती घटनाबाह्य ठरवली. ज्या न्यायालयाचे दार त्यांनी स्त्रियांसाठी उघडले, त्याच न्यायालयाने त्यांचा निर्णय चुकीचा ठरवावा, हा दैवदुर्विलास होता. त्यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना हा अध्याय वगळता येत नाही. पण त्या अध्यायाने मागची चार दशकेही पुसली जात नाहीत.

दार उघडले, पण किती?

फातिमा बीवी यांच्यानंतर सर्वोच्च न्यायालयात दुसरी महिला येण्यास नोव्हेंबर १९९४ उजाडले. त्या होत्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती सुजाता मनोहर. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाबाबत १९९७ साली ऐतिहासिक 'विशाखा' निकाल देणाऱ्या तीन सदस्यांच्या पीठात त्यांचा समावेश होता. त्यांच्यानंतर २०००मध्ये रुमा पाल आल्या. २००६मध्ये त्या निवृत्त झाल्यावर जवळपास चार वर्षे सर्वोच्च न्यायालयात पुन्हा एकही महिला नव्हती. मुंबई उच्च न्यायालयातील रंजना देसाई यांची २०११ साली तेथे नियुक्ती झाली. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी प्रथमच एकाच दिवशी तीन महिलांनी शपथ घेतली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या त्यापूर्वीच्या व तेव्हाच्या महिला न्यायमूर्तींची एकूण संख्या ११ झाली. ७१ वर्षांत अवघ्या अकरा! त्या तिघींपैकी न्या. बी. व्ही. नागरत्ना ज्येष्ठताक्रमानुसार २०२७ साली पहिल्या महिला सरन्यायाधीश होणे अपेक्षित आहे.

पदावरून दूर झाल्यावर फातिमा बीवी आपल्या गावी, पथनमथिट्टा येथे राहिल्या. त्या आजन्म अविवाहित होत्या. त्यांच्या निधनानंतर दोन महिन्यांनी, जानेवारी २०२४मध्ये, केंद्र सरकारने त्यांना मरणोत्तर 'पद्मभूषण' जाहीर केले. हा सन्मान त्यांच्या हयातीत मिळता, तर अधिक शोभला असता. मात्र त्यांचे खरे स्मारक पदकात नाही. कनिष्ठ न्यायालयांत आज मोठ्या संख्येने तरुण महिला न्यायाधीश रुजू होत आहेत. मुन्सिफ कोर्टातून निघालेली वाट दिल्लीपर्यंत जाते, हे फातिमा बीवी यांनी सिद्ध केले. ती वाट आता इतरांसाठी ३१ वर्षांपेक्षा कमी अवघड व्हावी, हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.