झुरिकचे पाळकसाहेब

नगरला आमच्या ओट्यावर माणसं यायची ती दिवेलागणीला, मंगळवारी-बुधवारी. रविवारची उपासना झालेली असायची, उपदेश ऐकलेला असायचा, तरी काहीतरी आत तसंच राहिलेलं असायचं. पप्पा पाळक होते. ते ऐकायचे, प्रार्थना करायचे आणि माणूस गेला की बराच वेळ गप्प बसून राहायचे. पुढे मी समुपदेशनाचं काम शिकले. तेव्हा ओस्कार फिस्टर यांच्याविषयी वाचताना पप्पांचं ते गप्प बसणं पहिल्यांदा समजलं.

फिस्टर यांचा जन्म 1873 सालचा, झुरिकचा. वडीलही पाळक, ते गेले तेव्हा हा मुलगा तीन वर्षांचा होता. ईश्वरविज्ञान आणि तत्त्वज्ञान शिकून ते आधी वाल्ड या गावात पाळक झाले आणि 1902 पासून झुरिकच्या प्रेडिगर चर्चमध्ये. तिथून 1939 मध्ये निवृत्त होईपर्यंत ते हलले नाहीत. मानसशास्त्राकडे ईश्वरविज्ञानाने पाठ फिरवली हा अपराधच झाला, असं त्यांनी 1903 मध्येच लिहिलं होतं. 1908 मध्ये रीगाहून प्राध्यापकपद चालून आलं, तेही त्यांनी नाकारलं. त्याच वर्षी मानसोपचारतज्ज्ञ युंग यांच्यामुळे मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांचं लेखन त्यांच्या हाती पडलं.

25 एप्रिल 1909 रोजी ते व्हिएन्नाला फ्रॉइड यांच्या घरी गेले. त्या घरात देवाधर्माला जागा नव्हती. फ्रॉइड यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला, ॲनाला, हा पाळकी वेशातला पाहुणा दुसऱ्याच ग्रहावरून आल्यासारखा वाटला, पण तो मुलांमध्ये मनापासून रमला. त्याच वर्षी फिस्टरनी मॅटरहॉर्न शिखराची छोटीशी चांदीची प्रतिकृती फ्रॉइडना भेट पाठवली. फ्रॉइडचं म्हणणं असं की मनोविश्लेषण स्वतः धार्मिकही नाही आणि अधार्मिकही नाही. दुःखी माणसाच्या उपयोगी पडत असेल तर पाळकानेही ते हत्यार खुशाल वापरावं.

फिस्टरनी ते कसं वापरलं? आपल्याकडेही काही मंडळ्यांत लोक प्रार्थनेत भारावून ‘अन्य भाषांत’, म्हणजे कुणालाच न कळणाऱ्या शब्दांत बोलतात. तसं बोलणारा एक तरुण त्यांच्याकडे आला. फिस्टरनी त्याची थट्टा केली नाही आणि त्याला नमस्कारही घातला नाही. त्याचे अगम्य शब्द कागदावर उतरवले आणि एकेक तुकडा घेऊन विचारलं, यावरून काय आठवतं? त्याच्या आठवणी वर येऊ लागल्या. 1912 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातले काही अर्थ मला ओढूनताणून लावलेले वाटतात. पण ‘काय पाप केलंस?’ याच्या जागी ‘काय आठवतं?’ हा प्रश्न पाळकाच्या तोंडी आला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

फ्रॉइडची मात्र एक तक्रार होती. फिस्टर माणूस फार सभ्य. रुग्णांची हकीकत लिहिताना नाजूक तपशील झाकून ठेवतात, आणि झाकून विश्लेषण होत नाही. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. पण ज्याच्यापाशी लोक मन मोकळं करतात, त्या पाळकाचा हात असं लिहिताना अडखळणारच.

युंग फ्रॉइडपासून दुरावले, फिस्टर दुरावले नाहीत. 1919 मध्ये स्विस मनोविश्लेषण संस्था उभी करण्यात त्यांचा वाटा होता. डॉक्टर नसलेल्यांनी उपचार करावेत का, या वादातून 1928 मध्ये काही डॉक्टरांनी वेगळी संस्था काढली. त्याच सुमाराला, 1927 मध्ये, फ्रॉइडनी धर्माला भ्रम ठरवणारं पुस्तक लिहिलं. फिस्टरनी त्याचंच शीर्षक उलटं करून उत्तर दिलं आणि ते 1928 मध्ये फ्रॉइडच्याच ‘इमागो’ नियतकालिकात छापून आलं. मैत्री टिकली. फिस्टर यांचं मोठं पुस्तक 1944 चं, ख्रिस्ती धर्म आणि भीती यांच्यावरचं. प्रीतीने भीती घालवायची ती मंडळीनेच कितीदा वाढवली, हे त्यात एका पाळकाने लिहिलं आहे. तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. 1956 मध्ये ते गेले.

दोघांची पत्रं 1963 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात बोलतात ते मुख्यतः फ्रॉइडच. आपली काही जुनी पत्रं नष्ट करावीत, अशी विनंती फिस्टरनी केली होती, आणि फ्रॉइडनी ती पाळली. ते पुस्तक वाचताना मला आमचा ओटा आठवत होता. तिथे कोण काय बोललं, ते पप्पांनी आईलाही कधी सांगितलं नाही.